आण्याच्या माळावरचं महानगर

"पुण्याच्या मोठ्या हॉलच्या भिंतीवर माझा फोटो लागला नाही, तर नावाचा अमृत नाही!"

हे वाक्य अमृतनं भरल्या पंगतीत, हातात जिलेबी धरून ठणकावलं. पंगतीतल्या एका आजीबाईंनी घाईघाईनं "शुभ बोल रे लेकरा!" म्हणत कानाला हात लावला. भिंतीवर फोटो म्हटलं की त्यांना तो हारासकटच दिसायचा. पण अमृत आता थांबणारा नव्हता, कारण त्याला पेटवलंच तसं होतं.

पेटवणारा होता सूरज, अमृतच्या बायकोचा धाकटा भाऊ. नारायणगावात त्याचं कृषी सेवा केंद्र. टोमॅटोवरच्या औषधांचा धंदा, आणि बोलणंही फवारणीसारखंच, थेट समोरच्याच्या तोंडावर. नव्या दुकानाची वास्तुशांत होती आणि सगळे पाहुणे जमले होते.

"दाजी, खरं सांगू का? फोटोचा धंदा मोबाईलनं खाल्ला आता," सूरज मठ्ठा वाढता वाढता म्हणाला. "लोकं स्वतःच्या लग्नात स्वतःच फोटो काढत्यात. तुमी आपले माझ्याकडं या. गल्ल्यामागं खुर्ची टाकतो, वर पंखा लावतो. बसल्या बसल्या डबे द्यायचे. काय?"

त्यावर अमृतनं ती भिंतीची गर्जना केली. पुण्यात छायाचित्रांची एक मोठी स्पर्धा होती आणि निवडलेले फोटो हॉलमध्ये लागणार होते. पाहुणे हसले. तेवढ्यात शेजारच्या रांगेतून वृषालीचा, म्हणजे अमृतच्या बायकोचा, शांत आवाज आला. बायकोचा आवाज शांत झाला की जुन्नरच्या बाजारपेठेत पाऊस यायच्या आधी होतं तसं होतं.

"ठरलं तर मग. फोटो लागला तर कॅमेरा. नाही लागला तर सूरजच्या दुकानातली खुर्ची. सगळ्यांच्या देखत बोललात हो!"

झालं! जिलेबी हातातच राहिली.

तसा अमृत वाईट फोटोग्राफर नव्हता. जुन्नरमध्ये त्याचा स्टुडिओ होता, लग्नसराईत त्याला उसंत नसायची. पण त्याचं मन लग्नात रमत नसे. अक्षता पडत असताना हा मांडवाच्या फटीतून दिसणारा डोंगर टिपत असायचा. आणि लग्नात मान तरी कसला? "ओ फोटोवाले, खाली बसा, मागच्यांना दिसत नाही!" एवढंच त्याच्या वाट्याला. कुणी त्याला कधी नावानं हाक मारली नाही, साहेब म्हणणं तर लांबच. हे साहेबाचं लक्षात ठेवा, पुढं सगळा घोळ तिथंच झाला.

स्पर्धेत दोन विभाग होते. एक 'शहराची क्षितिजरेषा' आणि दुसरा 'रौद्र निसर्ग'. अमृतनं आधी शहर करून पाहिलं. पुण्याला जाऊन एका उंच इमारतीच्या गच्चीवर चढला. क्षितिजावर बघतो तर एका भाऊंच्या वाढदिवसाचं होर्डिंग! भाऊंच्या मागं शहर होतं की नाही, हे भाऊंनाच ठाऊक. तेवढ्यात वॉचमननं त्याला जिन्यातून असं खाली आणलं, की शेवटचा मजला त्याला आठवतसुद्धा नाही.

मग तो निसर्गाकडं वळला. तळेघरला गेला, भीमाशंकरच्या अंगाला. डोंगर होते, कडे होते, भाताची खाचरं होती, पण सगळ्यांवर धुकं होतं. दोन दिवस कुडकुडून फोटो आणले. वृषालीनं ते पडद्यावर बघितले आणि विचारलं, "लेन्सवर साय आलीय का?"

शेवटी शौकत मदतीला धावला. शौकत हा अमृतचा शाळेपासूनचा दोस्त. त्याची एक पिकअप होती. तीत तो कधी कांदा, कधी मंडपाचं सामान आणि कधी अख्खी वरात वाहायचा.

"अमृतभाय, रौद्र पायजे ना तुला? आण्याच्या पठारावर चल. मी मांडव टाकायला गेलो होतो तिकडं. असा माळ दाखवतो, की शेळीसुद्धा तिथं उपास धरते!"

आळेफाटा, बेल्हे, मग घाट चढून ते आणे गावच्या पठारावर पोचले, आणि अमृतचा जीव हरखला. नजर जाईल तिथवर काळा खडक. ना झाड, ना झुडूप. पलीकडच्या टोकाला दोन उंच कातळ, एकमेकांवर रुसून उभ्या राहिलेल्या जावांसारखे, आणि दोघींच्या मधे अरुंद फट. थंडीच्या त्या दिवसांत सूर्य बरोबर त्या फटीतून उगवत होता. 'रौद्र निसर्ग'च्या नियमात स्पष्ट लिहिलं होतं, 'माणसाच्या हाताची खूण दिसता कामा नये.' इथं माणूस सोडा, गवताचा हातसुद्धा लागला नव्हता!

"हाच!" अमृत ओरडला. "शौकत, उद्या पहाटे हाच फोटो! आजच सगळं आखून ठेवू."

आता अमृतची कामाची एक पद्धत होती. लग्नात नवरा-नवरीनं कुठं उभं राहायचं, कॅमेऱ्याची तिकाटी कुठं ठेवायची, ते तो आधीच जमिनीवर फक्कीनं, पांढऱ्या भुकटीनं, आखून घ्यायचा. इथंही तेच. तिकाटी उभी केली. शौकतनं पिकअपमधला मांडवाचा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा बांबू घेतला आणि तो माळावर लांब जाऊन उभा राहिला. अमृत एक डोळा मिटून ओरडू लागला.

"डावीकडं! अजून! बांबू सरळ धर! हां, तिथंच! मार फक्की!"

तासाभरात माळभर पांढऱ्या फुल्या उठल्या, फोटोआधी पुसायच्या बोलीवर. आणि पठारावर कितीही सामसूम दिसली तरी तुम्हाला कुणी बघत नाही, असं कधी होत नाही.

मफलर गुंडाळलेला एक म्हातारा शेळ्या हाकत जवळ आला. त्याचं नाव सावळाराम. हा सगळा माळ त्याचा.

"राम राम, सायेब! कशाची मोजणी म्हणायची?"

अमृतनं या वाक्यातला एक शब्द मन लावून ऐकला आणि एक ऐकलाच नाही. 'सायेब' काळजात जाऊन बसला. 'मोजणी' वाऱ्यावर गेली.

"फोटो काढतोय काका, या माळाचा," अमृत छाती काढून म्हणाला. "परवा रात्रीच्या आत पुण्याला गेला पाहिजे."

"पुण्याला! पर हितं हाय काय सायेब? कुसळसुदीक न्हाई."

"काही नाही, म्हणूनच तर! असा मोकळा माळ आता मिळतो कुठं? वरच्यांना असाच हवाय. घर नको, झाड नको, काही नको."

सावळारामनं मफलर कानावरून मागं सारला. "अन् समजा, घर-झाड असलं तर?"

"मग भानगडच वेगळी. मग सगळं प्रकरण दुसऱ्या विभागात जातं."

"असं, असं," सावळाराम म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"माळ तुमचा ना? नशीबवान आहात बघा!" अमृत म्हणाला, आणि तेही अगदी मनापासून.

या एका वाक्यानं घात केला. सावळारामला आजवर कुणी नशीबवान म्हटलं नव्हतं. वाटणीत भावांना खालची काळी रानं मिळाली आणि याच्या पदरात हा खडक पडला. पोरीला बघायला आलेले पाहुणे माळ बघून चहासुद्धा न घेता उठले होते. मागं खालच्या अंगानं रस्ता गेला तेव्हा ज्यांच्या रानात झाड, गोठा, विहीर होती, त्यांना सरकारनं एकेका गोष्टीची वेगळी भरपाई दिली. ज्यांच्या रानात नुसते धोंडे, त्यांना धोंडे. सावळारामनं तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, की पुढच्या खेपेला आपण गाफील राहायचं नाही.

तो शेळ्या तिथंच टाकून घराकडं पळाला.

पहाटे अमृत आणि शौकत येऊन फुलीवर तिकाटी लावून बसले. हळूहळू उजाडू लागलं. अमृतनं कॅमेऱ्याला डोळा लावला, आणि काढला. पुसला, पुन्हा लावला.

"शौकत... काल इथं आंब्याची बाग होती का रे?"

माळावर ओळीनं आंब्याच्या फांद्या उभ्या होत्या! कातळात खड्डा कुठून व्हायचा? म्हणून बुडाला धोंडे रचून त्यांना सावरलं होतं. एक बाई डोक्यावर हंडा घेऊन त्या धोंड्यांना पाणी घालत होती. ही सावळारामची बायको, चिमाबाई.

"मावशी! हे काय?" अमृत धावत गेला.

"बाग हाय, सायेब," चिमाबाई नजर न उचलता म्हणाली.

"काल नव्हती!"

"जुनी हाय. सासऱ्याच्या हातची."

"अहो, काल दिवस मावळताना मी इथं उभा होतो! काहीही नव्हतं!"

"मावळताना म्हंजे अंधारच की थंडीच्या दिसात," मागून सावळाराम म्हणाला. "अन् झाडं बारकी हायती. एकदम दिसत न्हाईत."

तेवढ्यात एक फांदी आडवी झाली. चिमाबाईनं ती उचलून पुन्हा धोंड्यात खोवली आणि वर दोन थेंब पाणी शिंपडलं.

अमृतच्या डोक्यात काही उजेड पडेना, पण शौकतच्या पडला. तो पोट धरून पिकअपमागं जाऊन बसला. "अरे अमृतभाय, तू मोजणीवाला झालास! ह्यांना वाटतंय इथनं रस्ता जाणारेय! तिकाटी, बांबू, फक्कीच्या फुल्या! अरे, मलापण तू सरकारी वाटतोस आता!"

अमृतनं कपाळाला हात लावला आणि सगळ्यांसमोर शपथेवर सांगितलं, "काका, मी सरकारी नाही! मी फोटोग्राफर आहे!"

"व्हय व्हय," सावळाराम समजूतदारपणे मान डोलावत म्हणाला. "मागचा बी म्हणला व्हता, मी नुस्ती माती बघाया आलोय. सा महिन्यांत रोलर आला. तुमचं बी बरोबर हाय, सायेब. वरचा हुकूम आसंल. खरं सांगून कसं भागंल?"

आता खोटं बोलणाऱ्याला पकडता येतं. खरं बोलणाऱ्यावर कुणी असा मायेनं अविश्वास दाखवला, तर तो करणार काय? अमृत चिडला. चिडला की त्याचा आवाज आपोआप अंमलदारासारखा व्हायचा.

"ते काही नाही! ही झाडं आधी काढा! उद्या पहाटे माझ्या समोर एकही झाड नको!"

सावळाराम आणि चिमाबाईनं एकमेकांकडं पाहिलं.

"लई कडक हाय," चिमाबाई कुजबुजली.

"आगं, झाडाला दर न्हाई ह्या येळंला," सावळारामनं हिशेब मांडला. "त्येच सांगतोय त्यो. झाडं काढा म्हंजे घरं बांधा!"

दुपारपर्यंत बातमी पठारभर झाली. सावळारामचा चुलतभाऊ भागू तणतणत आला. त्याचं रान माळाच्या उजव्या अंगाला.

"सायेब, सगळा कॅमेरा सावळ्याच्याच अंगाला? आमी काय पाकिस्तानात राहतो का? जरा आमच्याकडं बी वळवा की!"

"वळवून काय होणारेय भाऊ?" अमृत थकून म्हणाला आणि पीडा टळावी म्हणून त्यानं तिकाटी खरंच उजवीकडं फिरवली.

भागूनं धोतर सावरलं आणि तो असा पळाला, की त्याची टोपी तिथंच राहिली.

इकडं कुणीतरी अमृतला प्लास्टिकची खुर्ची आणून दिली. डोक्यावर छत्री धरली गेली. आमटीचं पातेलं आलं. आण्यात मोठं काम निघालं की आमटी शिजणारच! झणझणीत आमटीत भाकरी कुस्करून खाता खाता "सायेब, आनखी घ्या", "सायेब, कांदा फोडू का?" असं सगळीकडून सुरू झालं, आणि खरं सांगायचं तर अमृतला ते बरं वाटलं. लग्नात त्याच्या ताटात नेहमी शेवटच्या पंगतीचा गार भात यायचा. आणखी एकदा ओरडून सांगावं, मी साहेब नाही म्हणून, असं त्याच्या मनात आलंही. पण तोंडात घास होता. मग दुसरा घास आला.

जेवण झाल्यावर शौकत कुठं दिसेना. पिकअपही नव्हती. अमृत आमटीच्या गुंगीत खुर्चीतच पेंगला, आणि संध्याकाळी गावातल्या देवळाच्या ओवरीत जाऊन झोपला. उद्याची पहाट शेवटची होती. झाडं तर त्यांनी काढलीच होती, फांद्यांचा मोठा ढीग त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. तो निर्धास्त घोरला.

पहाटे माळावर दाट धुकं होतं. अमृतनं फुली शोधली, तिकाटी लावली आणि वाट बघत बसला. पूर्वेला तांबडं फुटलं. जावांसारख्या कातळांच्या मधून सूर्याची पहिली तिरीप आली. धुकं पातळ झालं.

आणि आण्याच्या माळावर शहर उगवलं!

पत्र्याची शेडं एकामागं एक, चढत्या उंचीची. भागूच्या अंगाला पाण्याच्या काळ्या टाक्या एकावर एक, तीन-तीन मजली. बोअरच्या नावाखाली खडकात उभे केलेले लांबच लांब पाईप. बांबूची उंच परांची, जणू आता वीस मजले चढणारच. कांद्याची चाळ, चाळीवर आणखी एक चाळ. आणि सगळ्यांच्या मधोमध, कडब्याच्या गंजीला टेकून, लग्नाच्या मांडवातला प्लायवूडचा दुमजली महाल! कमानी, सज्जे, घुमट, सगळं काही. पाठीमागून सूर्य, खाली धुक्याची नदी, आणि काळ्या सावलीत ते सगळं थेट आकाशाला जाऊन भिडलेलं.

अमृतचा हात सवयीनं बटणावर होता. लग्नात कुणी चक्कर येऊन पडलं तरी फोटोग्राफरचं बोट आपलं काम करतंच. बटण दाबलं गेलं. मग तो मटकन धोंड्यावर बसला.

"शौकत," त्यानं रात्री परतलेल्या दोस्ताला विचारलं, "हा महाल कुणी आणला?"

शौकत बराच वेळ पिकअपचा टायर तपासत राहिला. "अब क्या बोलू यार... मंडपवाल्याचं सामान माझ्याच गाडीतनं जातं. चिमामावशी म्हणाली, आमचं घर म्हणून काय दाखवायचं? तिचं तोंड बघून मला नाही म्हणवलं नाही."

अमृतला सगळं समोर दिसू लागलं. गल्ल्यामागची खुर्ची, डोक्यावरचा पंखा, आणि सूरज म्हणतोय, दाजी, करप्याचं औषध द्या बरं! तो ताडकन उठला आणि सगळ्या माळाला ऐकू जाईल असा ओरडला.

"मी साहेब नाही! मी जुन्नरचा फोटोवाला आहे! लग्नाचे फोटो काढतो मी!"

कुणीही विश्वास ठेवला नसता. पण गर्दीतून एक तरुण मुलगी पुढं आली. भागूची पुतणी श्रेया, माहेरी आली होती.

"आगं बया! हेच ते!" ती किंचाळली. "माझ्या लग्नातले! काका, हेच ते फोटोवाले! आख्ख्या अल्बममधी माझा नवरा एकदाच हाय, त्यो बी जेवताना! अक्षता पडल्या तवा ह्यांनी डोंगराचा फोटो काढलाय! सासू आजून इचारती, ह्यो डोंगर कुणाकडचा पाव्हणा?"

झालं. साहेबी संपली. छत्री धरणाऱ्यानं छत्री मिटली. खुर्चीवाल्यानं खुर्ची उचलली.

सावळाराम मात्र महालासमोरच्या धोंड्यावर बसून राहिला.

"म्हंजे रस्ता न्हाई?"

"नाही काका."

"रेल्वे?"

"नाही."

"नुस्तं एखादं गोडाऊन तरी?"

"फोटोच हो काका. खरंच फोटो."

"मंग आमच्याच माळाचा कशाला, राव?"

"सुंदर आहे म्हणून."

सावळारामनं वळून आपल्या खडकांकडं पाहिलं, मग अमृतकडं पाहिलं. आयुष्यभर त्या माळानं त्याचं हसं केलं होतं, आणि हा माणूस त्याला सुंदर म्हणत होता. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. त्यानं मफलरनं नाक पुसलं आणि म्हणाला, "तरी पर, उतरवाया तुमालाच लागंल हां!"

न्यायाची गोष्ट होती. अमृत आणि शौकतनं दुपार टळेपर्यंत टाक्या उतरवल्या, पाईप उपटले, परांची सोडली. शेवटी महाल पिकअपमध्ये चढला तेव्हा चिमाबाई त्याच्या सज्ज्यावरून एकदा हात फिरवून गेली.

संध्याकाळी घरी पोचल्यावर अमृतनं कॅमेरा टेबलावर टाकला. "सूरजला सांग, खुर्ची पुसून ठेव," एवढंच म्हणून तो आडवा झाला तो थेट दुसऱ्या दिवशी उठला.

वृषालीनं मात्र कॅमेऱ्यातलं कार्ड काढून बघितलं. आता पंगतीत ती तसं बोलली होती खरी, पण नवरा आपल्या भावाच्या हाताखाली औषधाचे डबे देतोय, हे तिला तरी कुठं बघवणार होतं? राग आला होता म्हणून बोलली होती, आणि तेव्हापासून तिचंच चित्त थाऱ्यावर नव्हतं. कार्डात शेवटच्या पहाटेचा एकच फोटो होता. तिनं तो मोठा करून पाहिला आणि बराच वेळ पाहतच राहिली. हा माणूस पुन्हा पुण्या-मुंबईला कधी जाऊन आला? घोरणाऱ्याला विचारण्यात अर्थ नव्हता आणि मुदत संपत आली होती. तिनं 'शहराची क्षितिजरेषा' हा विभाग निवडला आणि फोटो पाठवून दिला.

फोटो लागला! पुण्याच्या हॉलमध्ये, दारातून शिरताच समोरच्या भिंतीवर! परीक्षक म्हणाले, "आजवर इतकी शहरं पाहिली, पण इतक्या घाईनं आकाशाकडं निघालेलं शहर पाहिलं नव्हतं." घाईचं त्यांनी बरोबर ओळखलं होतं. सूरज फोटोसमोर उभा राहून डोकं खाजवत होता.

"दाजी, कुठलं शहर म्हणायचं हे?"

"आहे... आण्याच्या अंगाला," अमृत बुटाकडं बघत म्हणाला. "नवीनच आहे."

हे उत्तर शेजारी उभ्या असलेल्या एका वार्ताहरानं ऐकलं. दुसऱ्या दिवशी एका पेपरात फोटो छापून आला, खाली ठळक अक्षरात, 'आण्याच्या माळावर उगवतंय महानगर!'

आठवड्याच्या आत सावळाराम स्टुडिओत हजर! हातात नोटीस. शेतजमिनीवर बिगरशेती परवानगी न घेता बहुमजली बांधकाम केल्याबद्दल खुलासा मागवला होता!

"फोटोवालं, आता काय करू?" तो काकुळतीला आला होता. "तलाठी म्हणतोय, माळ मोकळा हाय ह्याचा फोटो जोडा. मी म्हणलं, आवं येऊन डोळ्यांनी बघा की! तर म्हणतोय, डोळ्याचं फायलीत लागत न्हाई."

अमृत त्याच रात्री निघाला. पहाटे माळावर पोचला, तर काय व्यवस्था! सावळाराम काठी घेऊन पहाऱ्यावर. एक शेळी आत येऊ देईना. भागू आपल्या अंगाला लोकांना आडवत होता. "लांब व्हा! सावली पडंल!" चिमाबाई तर खराट्यानं खडक झाडत होती. जुन्या फक्कीच्या फुल्यासुद्धा तिनं धुऊन काढल्या होत्या. माणसाच्या हाताची एक खूण म्हणून राहिली नव्हती.

आणि सूर्य उगवला. दोन कातळांच्या मधून सोन्याची एक पट्टी आली आणि अख्ख्या काळ्या माळावरून सरळ अमृतच्या पायापर्यंत येऊन थांबली. धुकं नाही, झाड नाही, काहीही नाही. अमृतनं श्वास रोखून बटण दाबलं. आयुष्यभर ज्या फोटोच्या मागं तो होता, तो हाच.

स्पर्धा मात्र संपली होती. फोटो तलाठ्याकडं गेला. तलाठ्यानं साध्या कागदावर त्याची काळी-पांढरी प्रत काढली, उलटी धरून पाहिली, सरळ केली, आणि गोल शिक्का शाईत बुडवून बरोबर सूर्यावर दाणकन मारला.

"साहेब!" अमृत कळवळला. "जरा बाजूला मारायचा होता हो!"

"रिकाम्या जागेवरच मारायचा असतो," तलाठी म्हणाले. "अन् ह्यात दुसरं हाय काय?"

निदान सावळारामच्या घरी तरी तो नीट लागावा, म्हणून अमृतनं मोठी रंगीत प्रत काढली, काचेची चौकट केली आणि स्वतः आण्याला नेऊन दिली. चिमाबाईनं चौकट हातात घेतली. लांब धरली, जवळ धरली. मग ती उंबऱ्यात गेली, बाहेरच्या माळाकडं पाहिलं, पुन्हा फोटोकडं पाहिलं, आणि चौकट अमृतच्या हातात परत दिली.

"ह्यो कशाला दादा? दार उघडलं की दिसतोच की." ती जरा घुटमळली. "त्यो शहराचा आसंल तर द्या. त्यात आमचं घर हाय."